आईचा १ जून

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मृत्यूचा दाखला आणायला मी नगरपालिकेत गेलो. सवयीने खिशात हात घालून विचारले, "फी किती?"

कारकून म्हणाले, "गुरुजी, २१ दिवसांच्या आत नोंद झाली आहे. पहिल्या प्रतीला पैसे पडत नाहीत. जादा प्रती हव्या असल्या तरच फी."

१९६९च्या कायद्याने ही सवलत जन्मालाही दिली आहे. २१ दिवस उलटले की विलंब शुल्क. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा हुकूम! फी थोडी, खेटे फार.

आईच्या जन्माच्या वेळी हा कायदा नव्हता. पण गावात कोतवाल बुक होते. त्यातही तिची नोंद सापडली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहून टाकला. त्या दिवशी आम्ही तिला नमस्कार केला की ती हसून म्हणे, "अरे, तो वाढदिवस शाळेचा! मी आपली आषाढातली, नदीला पूर आला तेव्हाची." लग्नाचा पुरावा म्हणजे ट्रंकेतली हळद लागलेली पत्रिका.

दाखला हातात आला. नाव, ठिकाण, तारीख सारे बिनचूक. सरकारदरबारी लागलेली आईची ही पहिली खरी तारीख!

खिशातले पैसे खिशातच राहिले. मनात आले, जन्माच्या नोंदीला तरी तेव्हा असा काय खर्च होता? मुलगी झाली म्हणून कुणीतरी चावडीपर्यंत चालत जायला हवे होते, एवढेच.