माठावरची जाळी

हरिहरेश्वरच्या आमच्या घरी पाण्याचा माठ पडवीत असे. समुद्राच्या वाऱ्याने पाणी गार राही. पण तोच वारा बारीक वाळूही आणी. म्हणून आईने माठाच्या झाकणावर घालायला क्रोशाची जाळी विणली. सहा साखळ्यांचे कडे, त्यात बारा खांब, मग फेरीगणिक वाढत जाणारे खांब आणि शेवटी काठाला कमानी. जाळी उडू नये म्हणून कमानीकमानीला तिने किनाऱ्यावर मिळणारे, आपसूक भोक पडलेले लहान शिंपले ओवले.

ती जाळी पाहून गावातल्या एका घरातून तशीच दुसरी मागवण्यात आली. आईने रात्री जागून ती पुरी केली. पोचवायला आम्ही भावंडेही सोबत गेलो. जाळीचे कौतुक झाले, ती लगेच माठावर घातली गेली. उन्हातून आलेल्या आईने पाणी मागितले. ते मात्र वरून, तिच्या ओंजळीत ओतण्यात आले. तिच्या हातचे सूत माठाला चालले. हात चालला नाही. परतताना ती काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही, याची बोच अजून आहे.

पुढे आम्हाला या वसतिगृहात पोचवायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत घरच्या माठावरची जाळी होती. मुले रांगेने येत, आपापल्या हाताने माठातले पाणी घेत. आई ते बराच वेळ पाहत उभी राहिली. मग तिनेही स्वतःच्या हाताने पाणी घेतले, शांतपणे प्याली, आणि ती जाळी इथल्या माठावर घातली.

इतिहासाचा अभ्यास करताना त्या दोन घोटांमधले अंतर कळले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. न्यायालयातला लढा १९३७ साली संपला. महाडवरून येणारी सावित्री आमच्या हरिहरेश्वरजवळच समुद्राला मिळते. नदी रोज पोचत होती. तळ्यावर मिळवलेला हक्क गावातल्या त्या माठापर्यंत यायला मात्र पन्नास वर्षेही पुरली नव्हती.

वसतिगृहात आता माठ नाही, नळाला गार पाणी येते. जाळी आमच्याकडे आहे. तिचे चार शिंपले गळाले आहेत. चवदार तळ्याचा पाठ शिकवताना आम्ही ती वर्गात नेतो. झाकण धुळीसाठी असते, माणसांसाठी नव्हे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी त्या माठाचे पाणी प्यायले, त्यांना ती जाळी आठवत असेल. ती कोणाच्या हातची होती, एवढे नोंदवण्यासाठी हे लिहिले.