मातीचा पिंगू आणि आमचा रुसवा

मंडळी, आज विषय लहान मुलांचा आहे, पण वाचा. आमच्या वटारच्या घरात गेले वर्षभर एका पेंग्विनने मुक्काम ठोकला आहे. त्याचे नाव पिंगू.

आधी घरातली माणसे सांगते. मुलगा आणि सून सकाळी विरारहून लोकल पकडतात. ते परत येईपर्यंत चार वर्षांची नात माझ्याकडे. शिवाय माझ्या सासूबाई, वय ब्याण्णव. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघीच.

नात हिंदी बोलायची. घरात कुणी हिंदी बोलत नाही हो, पण ती बघायची ती सगळी कार्टून हिंदीत. नर्सरीत इंग्रजी. सासूबाईंना गावच्या बोलीपलीकडे काही येत नाही आणि आता कानही जड झालेत. पणजी आणि पणती एकाच ओटीवर बसायच्या, एकमेकींकडे बघून हसायच्या आणि गप्प व्हायच्या. छत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईच्या डोळ्यांदेखत हे चाललेले. सासूबाईंकडे आता किती दिवस आहेत, हा हिशेबही मनात असायचाच.

अशात भाच्याने एकदा मोबाइलवर पिंगू लावून दिला.

ही मालिका स्वित्झर्लंडची. ओटमार गुटमन नावाच्या माणसाने ती घडवली आणि १९९० साली ती टीव्हीवर आली. बर्फाच्या घरात राहणारा पेंग्विनचा पोर, टपाल वाटणारे बाबा, आई, मागाहून अंड्यातून बाहेर आलेली धाकटी बहीण पिंगा आणि रॉबी नावाचा सील मित्र. सगळे मळलेल्या मातीचे. (आपली शाडू नव्हे, न वाळणारी रंगीत माती. मुलांच्या भाषेत 'क्ले'.) एकेक गोष्ट पाच मिनिटांची.

पाच मिनिटे म्हणजे किती काम, ते मी मास्तरकीच्या सवयीने कागदावर मांडले. टीव्हीला सेकंदाला पंचवीस फ्रेम लागतात. तीनशे सेकंदांच्या साडेसात हजार झाल्या. एकेक स्थिती दोन फ्रेम टिकवली तरी पावणेचार हजार वेळा बाहुली हाताने किंचित हलवायची, बाजूला व्हायचे, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. पडद्यावर पिंगू नुसता वळून बघतो तेव्हा त्यामागे कुणाची तरी अर्धी सकाळ गेलेली असते.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत त्याच्या बोलण्यात आहे. पिंगू अखंड बडबडतो आणि त्यात एकही शब्द नसतो! पहिली दहा वर्षे सगळ्या पात्रांचे आवाज कार्लो बोनोमी या एकाच इटालियन कलावंताने काढले. तिकडच्या विदूषकांची एक जुनी परंपरा आहे. अर्थ नसलेले ध्वनी काढायचे, पण सूर, चढउतार असे की ऐकणाऱ्याला सगळे समजावे. बोनोमी २०२२ साली गेले. शब्दच नसल्यामुळे ही मालिका कुठल्याही देशात जशीच्या तशी चालते.

आणि शब्दच नसल्यामुळे आमच्या ओटीवर ती चालली. ऐकू येण्याची गरज नाही, म्हणून सासूबाईही बघू लागल्या. पहिल्याच आठवड्यात पिंगाच्या जन्माचा भाग लागला. सगळे अंड्याभोवती गोळा झालेले आणि पिंगूकडे कुणाचे लक्ष नाही. नात म्हणाली, "गुस्सा हो गया." सासूबाई स्क्रीनकडे बोट दाखवून आपल्याच नादात म्हणाल्या, "रुसला गो तो!"

नातीने माझ्याकडे पाहिले. "आजी, रुसला म्हणजे?"

आता मला सांगा, हे इंग्रजीत एका शब्दात नेमके कसे सांगाल? रागावणे वेगळे, रुसणे वेगळे. राग कुणावरही येतो. रुसायला आपले माणूस लागते, आणि ते समजूत काढायला येईल ही खात्रीही. मग फुगणे आहे, हिरमुसणे आहे, खट्टू होणे आहे. मातीच्या चेहऱ्यावर हे सगळे दिसते, कारण माती दाबली की खांदे पडतात, ओढली की मान ताठ होते. पुढे दोघींचा खेळच झाला. पिंगूचे तोंड पडले की नात विचारायची, "मोठी आजी, आता काय झालं त्याला?" आणि मोठी आजी ठसक्यात सांगायची. तयार भाषा नसलेल्या त्या मालिकेत आमची भाषा ओतायला जागा रिकामी होती.

मला तेव्हा आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली. मुलाच्या अंगणात जे आहे त्यातूनच शिकवायचे.

म्हणून मीही वाडीतली माती कालवून दिली. पेंग्विन काही जमला नाही, बगळा झाला. बरेच झाले, बगळा तिने रोज पाहिलेला. एका रविवारी मुलाने मोबाइल पाटावर टेकवून ठेवला. नातीने बगळा बोटभर सरकवायचा, त्याने फोटो घ्यायचा. साठ फोटोंचे पाच सेकंद झाले. पाच सेकंद बगळा केळीच्या पानापासून पाण्याच्या घंगाळापर्यंत चालला आणि घरात जल्लोष!

मुलाला म्हटले, हे आपल्याकडे नवीन नाही रे. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून तो वाढताना दिवसेंदिवस असाच थोडाथोडा चित्रित केला होता. तेच दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले.

मुंबईत आजही या कलेतले कसबी लोक आहेत. २०१७ सालचा 'टोकरी' हा सुरेश एरियत यांचा मातीच्या बाहुल्यांचा लघुपट जरूर बघा. वाटते, यांच्यापैकी कुणी वसईची वाडी घ्यावी. विहीर, बगळे, सुकेळी वाळत घातलेली, आणि एक रुसलेले पोर. संवाद नकोत. ते घरोघरच्या आज्या घालतील.

असो. नातीची हिंदी अजून आहे, असू दे. परवा मात्र तिला दुसरे चॉकलेट नाकारले तर कोपऱ्यात जाऊन बसली आणि पणजीला ओरडून सांगितले, "मी रुसलेय!" सासूबाईंना ते पहिल्या हाकेत ऐकू गेले. काठी टेकत उठल्या आणि समजूत काढायला गेल्या.