पोच

पोच हा शब्द हल्ली पत्रव्यवहारातून नाहीसा होत चालला आहे. आमच्या लहानपणी पत्राच्या शेवटी 'पोच द्यावी' असे हटकून लिहिलेले असे. मनीऑर्डर पाठवा, आंब्याची पेटी पाठवा, नाहीतर लग्नाची पत्रिका पाठवा. समोरून दोन ओळी येईपर्यंत पाठवणाऱ्याचा जीव टांगलेला. २०२४ च्या पावसाळ्यात हा जुना शब्द मला अगदी नव्या ठिकाणी भेटला आणि त्याने आपल्या भाषेवर आलेला एक आळ पुसून टाकला. त्याचीच ही हकीकत.

आमच्या शाळेत संगणकाची एक खोली आहे. मुलांनी लिहिलेले तिथल्या प्रत्येक यंत्रात राहत नाही. ते तारेवरून कोपऱ्यातल्या एका मोठ्या यंत्रात, म्हणजे सर्व्हरमध्ये, जाऊन साठते. या व्यवस्थेला नेटवर्क फाइल सिस्टिम म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९८४ साली आणली. कपाट एक आणि त्याच्या किल्ल्या अनेक, असा हा प्रकार. मूल कोणत्याही यंत्रापुढे बसले तरी त्याचेच दप्तर उघडते.

त्या वर्षी सातवीच्या मुलांनी वार्षिक अंकासाठी गावातल्या विहिरींची नावे आणि त्यांच्या गोष्टी आपापल्या आज्यांकडून गोळा केल्या होत्या. श्रावणात टंकलेखन सुरू झाले आणि घोटाळा झाला. फाइलचे नाव उमटे, पण आत शून्य. यंत्र गप्प बसे. बटणे दाबा, नाहीतर हात जोडा. गंमत अशी, की इंग्रजीच्या तासाला लिहिलेली पत्रे मात्र बिनबोभाट जात होती. मराठी तेवढे अडे.

मग काय विचारता! 'यंत्राला मराठी मानवत नाही' असा निकाल शिक्षकांच्या बैठकीत लागला. यंदाचा अंक इंग्रजीत काढावा, निदान मराठी मजकूर रोमन लिपीत छापावा, अशी सूचना आली. सूचनेत दुष्टावा मुळीच नव्हता. मला टोचले ते हेच. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही आणि यंत्राचे मला काही कळत नाही. पण आजीने सांगितलेले विहिरीचे नाव रोमन लिपीत वाचायचे, ही कल्पना मला सोसेना. मी तावातावाने बोलू लागलो.

आमचे संगणकाचे मास्तर वयाने लहान, स्वभावाने थंड. ते म्हणाले, "सर, आधी तारेवर काय चाललंय ते पाहू या. भांडण मग करू."

तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद टिपणारी साधने आहेत. टीसीपीडंप हे त्यांतले जुने, १९८८ सालचे. मास्तरांनी वापरले ते वायरशार्क. जेराल्ड कोंब्ज यांनी १९९८ साली ते इथरियल या नावाने प्रसिद्ध केले. २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. मास्तरांनी एकाच वेळी दोन्ही टोकांना नोंद घेतली: मुलीच्या यंत्रावर आणि सर्व्हरवर. एका टपाल कचेरीची वही पाहिली तर पत्र निघाले एवढेच कळते; दोन वह्या शेजारी ठेवल्या की ते कुठे हरवले ते कळते.

पहिल्या वहीत सारा संवाद दिसत होता. 'फाइल तयार कर,' असे यंत्र म्हणाले, पोच आली. मग सबंध मजकूर घेऊन 'लिही' ही विनंती निघाली. पोच नाही. क्षणभराने तोच मजकूर पुन्हा निघाला. पुन्हा पोच नाही. दर खेपेला थांबण्याचा काळ जवळजवळ दुप्पट होत होता. सर्व्हरच्या वहीत मात्र यातले एकही पाकीट नव्हते. सर्व्हर आळशी नव्हता. त्याला काही ऐकूच आले नव्हते.

मास्तरांनी मराठीत चार ओळी लिहून पाहिल्या. त्या गेल्या! मग इंग्रजीत दोन पाने लिहिली. ती अडली. "सर, भाषेचा प्रश्न नाही," ते म्हणाले, "आकाराचा आहे."

आजकाल अक्षरे साठवण्याची सर्वत्र चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ती आखली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत अक्षराला तीन आणि काना-मात्रेलाही प्रत्येकी तीन. 'शाळा' लिहायला बारा बाइट; तोच इंग्रजी शब्द सहांत आटोपतो. म्हणून पानभर इंग्रजी पत्र छोट्या पाकिटात मावे आणि तेवढेच मराठी पत्र मोठे होई.

"पण मोठ्या मजकुराचे तुकडे करत नाहीत का?" मी विचारले.

"करतात. केवढे करायचे ते दोन्ही टोकं आधी ठरवतात. साधारण रीत पंधराशे बाइटांची. आपल्याकडे वेग यावा म्हणून दोन्ही टोकांना नऊ हजार ठरवलेले होते."

मधल्या तारा जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, ज्येष्ठातल्या विजेने जळली होती. तिच्या जागी तालुक्याहून आणलेली नवी पेटी पंधराशेपर्यंतचीच. मोठे पाकीट आले की ती ते निमूटपणे टाकून देई. रस्त्यात राउटर असता तर त्याने 'एवढे मोठे चालत नाही' अशी चिठ्ठी मागे धाडली असती. स्विचला ती सवय नाही. मास्तरांनी चाचणीचे दोन निरोप पाठवले. १४७२ बाइटांच्या निरोपाला उत्तर आले, ८९७२ च्या निरोपाला आले नाही. शीर्षकाचे २८ बाइट मिळवले की पहिल्याचे बरोबर पंधराशे होतात आणि दुसऱ्याचे नऊ हजार.

सगळीकडे पंधराशे ठरवले आणि आम्ही पडद्याकडे पाहत बसलो. ही व्यवस्था नीट जोडलेली असली की सहजी हार मानत नाही. 'सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू' असे ती आपल्या वहीत लिहीत राहते. तीन यंत्रे बंद केलेली नव्हती. दोनएक मिनिटांत त्यांतले अडलेले तिन्ही लेख कोणी हात न लावता पोचले. ज्यांनी वैतागून बटण बंद केले होते त्यांचे लेख गेलेच. ती मुले पुन्हा आज्यांकडे गेली. एकाची आजी तोवर मुंबईला लेकाकडे गेली होती. तिच्या वाडीतल्या चार विहिरी अंकात आल्या नाहीत.

अंक देवनागरीत निघाला. बैठकीतली सूचना कोणी मागे घेतली नाही. ती नुसती विसरली गेली. यंत्राची अडचण पहिल्या दिवशीच अशी दोन्ही टोकांना तपासता आली असती. पण भाषेवर ठपका ठेवायला तपास लागत नाही. तो ठेवला की माणूस मोकळा होतो. ती दोन टोकांची नोंद मी मास्तरांकडून छापून घेतली आहे. पुढच्या बैठकीत कोणी मराठीला दोष देऊ लागले की मी ती पुढे सरकवतो आणि विचारतो, दुसरी वही पाहिलीत का?