धारवाडच्या गच्चीवरची सह्याद्री

मी सरकारी कचेरीतला कारकून. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे संगणकाच्या दुरुस्तीसाठी कुणी मला घाट चढून बोलावील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण २०१८ च्या दिवाळीनंतर तसं झालं खरं. धारवाडहून मावशीच्या नातवाचा फोन आला. "काका, तुमच्याकडे ते टीव्ही ट्यूनर कार्ड होतं ना? मी पण बसवलंय. चॅनल एकपण सापडत नाही बघा. आजी रोज विचारती."

नातू हुबळीला इंजिनीअरिंग शिकणारा. त्याला जे जमेना ते मला काय जमणार? माझं ज्ञान म्हणजे घरच्या कार्डाशी चारपाच रात्री झटापट करून मिळवलेलं. पण "आजी रोज विचारती" हे शब्द काही कानातून जाईनात. शनिवार-रविवारला रजा जोडली आणि वास्कोहून गाडी धरली. दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, अळणावर करत धारवाड. सह्याद्री ओलांडून सह्याद्री वाहिनी शोधायला निघालोय, असा एक विनोद मी गाडीत स्वतःशीच करून घेतला.

मावशी १९६५ साली लग्न होऊन धारवाडला गेली. माहेरी बोलणं कोंकणी. पण वाचन, भजन, नाटक सगळं मराठी. हे आपल्या गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सासर मराठी मिळालं. धारवाडात तेव्हा मराठीला तोटा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो जिल्हा मुंबई राज्यातच होता. जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत आणि मराठी कथा लिहीत राहिले. द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, पण ते झाले कन्नडचे थोर कवी. मराठी रंगभूमी गाजवणारे सवाई गंधर्व जवळच्याच कुंदगोळचे. दोन भाषा एकाच पाटावर बसून जेवणारं ते गाव.

पुढे काका गेले. सून कानडी, मोठी गुणाची. नातवाचं मराठी कामापुरतं. मावशीला मराठी उरलं ते वाचण्यापुरतं. मी गेलो की दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन जायचो. मग काचबिंदूने हळूहळू डोळे नेले आणि अंक कपाटात गेले. राहता राहिला टीव्ही. तिथे केबलवाल्याने चॅनलांची यादी बदलली, त्यात मराठी गळालं. पाठोपाठ टीव्हीही जळाला. तेव्हा नातवाने ही युक्ती काढली. गच्चीवर थाळी, घरच्या संगणकात ट्यूनर कार्ड, आणि डीडी फ्री डिश. ही दूरदर्शनची सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. तिच्यात कन्नडची चंदना आहे आणि मराठीची सह्याद्रीही. सासू-सून दोघींची सोय!

"आयलो रे बाबा?" मावशीने दारातच आवाजावरून ओळखलं. तिची कोंकणी एवढ्या एका वाक्यापुरती शाबूत आहे. पुढचं सगळं धारवाडी मराठीत. "चहा घे, फेडा खा, मग बघ की ते काय झालंय."

आधी गच्चीवर गेलो. थाळी आग्नेयेकडे बरोबर तोंड करून होती. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. गंमत म्हणजे पणजी आणि धारवाड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेपंधराच्या आसपास. माझ्या घरची थाळी जशी बसवली होती, तशीच इथली. फरक दोन अंशांच्याही आतला. तिथून बघणाऱ्याला आमची गच्ची आणि मावशीची गच्ची म्हणजे शेजारचीच घरं!

शेजाऱ्यांकडून त्यांची सेट टॉप पेटी मागून आणली आणि तीच तार तिला जोडून पाहिली. चित्र लगेच आलं. म्हणजे थाळी ठीक, तार ठीक. दोष खालीच. मग संगणकासमोर बसलो. शोध सुरू केला की पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जायची आणि खाली लिहून यायचं, सापडलेली चॅनल शून्य. सिग्नलची ताकद मात्र ऐंशी टक्के! याच ऐंशीने नातवाला चार दिवस फसवलं होतं. ताकदीच्या आकड्यात नुसती खरखरही मोजली जाते. बघायचा असतो तो खालचा आकडा, गुणवत्तेचा. तो होता शून्य. (आमच्या कचेरीतही फायलीच्या जाडीवरून काही कळत नाही. असो.)

पहिला दोष लवकर सापडला. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधली यादी जुनी होती. ही सेवा पूर्वी इन्सॅट-४बी वर होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये जीसॅट-१५ गेला आणि सेवा त्याच्यावर आली. दोन्ही उपग्रह आकाशात त्याच ९३.५ अंशावर, म्हणून थाळी हलवावी लागत नाही, पण आतले आकडे बदललेले. मी वहीतून आणलेले आकडे हाताने भरले. फ्रीक्वेन्सी ११०९०, ध्रुवीकरण उभं, सिम्बॉल रेट २९५००. पुन्हा शोध. पुन्हा शून्य.

नातवाचा चेहरा पडला. आतून मावशी विचारते, "आलं काय रे?" मी म्हटलं, "येतंय गं."

रात्री जेवणानंतर पुन्हा बसलो तेव्हा दुसरा दोष दिसला. थाळीच्या तोंडाशी जो डबा असतो, एलएनबी, त्याचं काम म्हणजे वजाबाकी. उपग्रहाकडून येणारी ११०९० मेगाहर्ट्झची लहर साध्या तारेतून खाली उतरत नाही. म्हणून तो तीतून ९७५० वजा करतो आणि उरलेले १३४० खाली पाठवतो. कार्डाला ऐकू येतं ते साधारण ९५० ते २१५० च्या मध्ये. आता त्या डब्यावर आकडे दोन छापलेले असतात, ९७५० आणि १०६००. दुसरा असतो ११७०० च्या वरच्या लहरींसाठी. नातवाने तोच भरला होता. ११०९० मधून १०६०० गेले, राहिले ४९०. सिग्नल येत होता १३४० वर आणि आमचा संगणक कान लावून बसला होता ४९० वर, जिथे त्याला ऐकूच येत नाही!

वजाबाकीची चूक. मला हसू आलं. वीस वर्षं हेच तर करतोय.

९७५० भरलं, २२ किलोहर्ट्झचा टोन बंद केला. गुणवत्तेचा आकडा शून्यावरून टुणकन सत्तरवर गेला. मग ११०९०, ११७० च्या जागी ११ हजार १७०, असं एकेक करत गेलो आणि नावं पडद्यावर उतरू लागली. चंदना आली. थोड्या वेळाने सह्याद्री. नातवाने तिच्यावर टिचकी मारली.

पडदा काळाच. पण आवाज आला. कुणीतरी बाई स्वच्छ मराठीत बोलत होत्या.

"काका, एमपेग-२ चा डीकोडर नाही यात," नातू म्हणाला. "उतरवून घेतो. नेट स्लो आहे, तासभर लागेल." तो खटपटीला लागला, मीही वाकून बघत होतो. तेवढ्यात मावशी भिंतीचा आधार घेत आली, खुर्ची चाचपून बसली.

"आलं की रे! मग सांगत का नाहीस?"

"चित्र नाही आलं गं अजून."

"मला कुठं दिसतंय? आवाज आला, पुरे."

आम्ही दोघे गप्प झालो. चार दिवस नातू आणि दिवसभर मी ज्याच्यामागे लागलो होतो, त्यातलं तिला हवं असलेलं सगळं येऊन पोचलं होतं. ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. मध्येच एक शब्द पुटपुटली, "अर्थात". मग म्हणाली, "बघ, हा शब्द किती दिवसांत कुणी माझ्यापुढे बोललं नव्हतं." डोळे मिटूनच हसली.

सकाळी चित्रही आलं. सुनेला चंदना मिळाली. मावशीने मात्र फर्मान काढलं, "माझ्या वेळी तो पडदा बंद ठेवा. उगाच वीज कशाला?" निघताना मी सगळे आकडे ठळक अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. सरकारी सवय.

पुढे नातू नोकरीला बंगळूरला गेला. एकदा संगणक नव्याने भरावा लागला आणि सगळी सेटिंग गेली. कागदही कधीतरी रंगकामात गेलेला. दुरुस्तीला आलेल्या मुलाला काही सुचेना. सूनबाई मला फोन लावणार, इतक्यात मावशीने आतून सांगितलं म्हणे, अगदी रामरक्षा म्हणावी तसं: "अकरा हजार नव्वद, उभं, एकोणतीस हजार पाचशे. आणि वजा करायचे नऊ हजार सातशे पन्नास."

तो कागद मी चिकटवला तेव्हा तिला दिसत नव्हता. मी लिहिताना मोठ्याने म्हणत होतो, तेवढंच.