मांडवीच्या काठी दोन दिवस

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या दाट रानात, म्हादई नदी उगम पावते. त्याच डोंगररांगेत कणकुंबी येथे मलप्रभेचाही उगम आहे. मलप्रभा पूर्वेची वाट धरून कृष्णेस मिळते. म्हादई मात्र घाट उतरून पश्चिमेस जाते, गोव्यात मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीपाशी सागरात विलीन होते. या नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद आहे; तो न्यायासनांनी मिटवावा. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते इतकेच की, आपल्याच डोंगरातून निघालेल्या या नदीच्या तीरी आपल्या श्रद्धेचे एक प्राचीन नगर आहे, आणि दोन दिवसांची सवड काढल्यास बेळगाव-निपाणीकडील कोणत्याही कुटुंबास त्याचे दर्शन घेता येते.

सुटी लागली की आपल्या भागातील तरुण मंडळी गोव्यास जातात, समुद्रात डुंबतात आणि परत येतात. त्यात काही वावगे नाही. समुद्रही परमेश्वरानेच निर्माण केला. परंतु जुने गोवे न पाहता गोव्याहून परतणे म्हणजे आजोळी जाऊन आजीस न भेटण्यासारखे आहे. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची मुळे त्याच भूमीत आहेत. म्हणून आम्ही सहकुटुंब जे दोन दिवस तेथे घालविले, त्यांवरून वाचकांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथे लिहीत आहोत.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या मार्गाने पणजी सुमारे 125 किलोमीटरांवर आहे. निपाणीकडील मंडळींस संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली घाट हा मार्ग सोयीचा पडतो. आगगाडीची हौस असणाऱ्यांनी लोंढा व कॅसलरॉक मार्गे मडगावकडे जावे; दूधसागराचा धबधबा पाहून मुलांस आनंद होईल. ऐन पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात आणि उन्हाळ्यात जांभ्या दगडाचे अंगण पाय भाजून काढते. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. संत फ्रान्सिस झेवियरचा सण 3 डिसेंबरला असतो आणि त्यापूर्वी नऊ दिवस नोव्हेना चालते. त्या दिवसांत बेळगाव भागातून पायी जाणारे यात्रेकरूही असतात. वृद्ध माणसे व तान्ही मुले बरोबर असतील त्यांनी मात्र ती गर्दी टाळून इतर दिवशी जावे. मुक्काम पणजीस करावा. तेथून जुने गोवे सुमारे 10 किलोमीटरांवर, नदीच्या काठाकाठाने गेलेल्या रस्त्यावर आहे.

पहिल्या दिवशी भल्या पहाटे निघावे आणि बॉम जीझस बासिलिकेत मिस्सा ऐकूनच पुढील दर्शनास आरंभ करावा. खांदे व गुडघे झाकतील अशी वस्त्रे असावीत, हे सांगण्याची आपल्या वाचकांस गरज नाही. या मंदिराचे बांधकाम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. येथेच गोंयचो सायब विसावला आहे. 6 मे 1542 रोजी गोव्याच्या भूमीवर उतरलेला हा धर्मप्रचारक 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर देवाघरी गेला. त्याचा देह 1554 मध्ये गोव्यास आणण्यात आला. ज्या रुप्याच्या पेटीत तो आहे, ती गोव्याच्याच कारागिरांनी सतराव्या शतकात घडविली. खालचे संगमरवरी स्मारक मात्र इटलीतील तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेले. पेटी उंचावर असल्याने जवळून दर्शन होत नाही. ते दर दहा वर्षांनी होते. मागील प्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. जवळून दर्शन झाले नाही म्हणून खट्टू होऊ नये. तेथे गुडघे टेकून आपल्या धर्मग्रामातील आजारी माणसांची नावे मनात घ्यावीत. आम्ही तसेच केले.

समोरच संत कॅथरिनच्या नावाचे भव्य से कॅथेड्रल आहे. त्याचे काम 1562 मध्ये आरंभिले गेले. त्यास मुळात दोन मनोरे होते. एक 1776 मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात सुप्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. शेजारच्या संत फ्रान्सिस आसिसीकर मंदिरालगतचे पुराणवस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा. तेथून टेकडीवर चढावे. संत ऑगस्टीनच्या मठाचा एक भग्न मनोरा आकाशात एकटाच उभा आहे. 1835 मध्ये संन्यासी संघांस पोर्तुगीज सरकारने हद्दपार केले, मठ ओस पडला आणि 1842 मध्ये मंदिराचे छत कोसळले. याच भग्नावशेषांत जॉर्जिया देशाच्या हुतात्मा राणी केतेवान यांचे अवशेष सापडले; 2021 मध्ये ते भारताने त्या देशास सुपूर्द केले. आमच्या वृद्ध मातोश्री तेथे एका दगडावर बसून म्हणाल्या, "राण्यांची हाडेसुद्धा शेवटी आपल्या माणसांचीच वाट पाहतात."

एवढे मोठे नगर ओस का पडले, असे मुले विचारतील. त्यांस खरे ते सांगावे. वारंवार साथी आल्या, विहिरींचे पाणी दूषित झाले, व्यापार ओसरला. व्हाइसरॉय 1759 मध्ये पणजीकडे राहावयास गेले आणि 1843 मध्ये पणजी हीच अधिकृत राजधानी झाली. 1560 ते 1812 या काळात, मधला अल्पसा खंड वगळता, येथे धर्मन्यायसभा होती आणि तिच्या धाकाने पुष्कळांची मने पोळली, हेही लपवू नये. आपली श्रद्धा सत्यावर उभी आहे. सत्य ऐकून ती डळमळणार नाही.

दुसरा दिवस सावकाश घालवावा. व्हाइसरॉयच्या कमानीपासून नदीकडे गेले की धक्का लागतो. तेथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते. संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून गाणी-बजावणी असलेल्या बोटीही निघतात, परंतु आमच्या मुलांस ही साधी फेरीबोटच अधिक आवडली. भाताची शेते, टेकडीवरील पिएदाद येथील मंदिर आणि भोवताली पसरलेली मांडवी पाहून मन निवते. बरोबर भाकरी-चटणीचा डबा असावा, पिण्याचे पाणी भरपूर असावे, आणि ओळखीच्या गोवेकर घरी जावयाचे असल्यास बेळगावचा कुंदा न विसरता न्यावा. पणजीत निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिराच्या शुभ्र पायऱ्या चढून जावे. तेथील थोर घंटा टेकडीवरील त्या ओस मठातूनच आलेली आहे. मठ मोडला, पण घंटा वाजते आहे.

आता या प्रवासात आमच्या मनास सर्वांत अधिक भिडलेली गोष्ट सांगतो. जुन्या गोव्यात संत पौलाच्या महाविद्यालयाची केवळ एक कमान उरली आहे. त्याच महाविद्यालयात 1556 मध्ये भारतातील पहिले मुद्रणयंत्र चालू झाले. इंग्लंडहून 1579 मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूने मराठी शिकून ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये राशोल येथे छापला गेला. परक्या देशात जन्मलेल्या त्या धर्मगुरूने आपल्या मराठी भाषेची मुक्तकंठाने थोरवी गायिली. याच भूमीत 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. आज 1616 ची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण भाविकांनी तो हाताने उतरून घेतला, म्हटला आणि मुलांस ऐकविला. 1956 मध्ये पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्तीही निघाली.

आपल्या सीमाभागातील घरांचा विचार करा. शाळेत मुले कन्नड आणि इंग्रजी शिकतात, बाजारात सर्व भाषा बोलतात, मंदिरात कोकणीही ऐकतात. हे सर्व चांगलेच आहे. प्रत्येक भाषा परमेश्वराचे दान आहे. परंतु आजीचे जीर्ण मराठी प्रार्थनापुस्तक नातवास वाचता येत नाही, असे दृश्य अनेक घरांत दिसते. आमचा धाकटा मुलगा त्या कमानीपाशी विचारता झाला, "एवढ्या लांबून आलेला पाद्री मराठी शिकला, मग आम्हांला शाळेत ती का नाही?" शाळेविषयीचे उत्तर आमच्या हाती नव्हते. घराविषयीचे होते. त्या संध्याकाळी मांडवीच्या काठी आम्ही जपमाळेची प्रार्थना मराठीत म्हटली. आजीने आरंभ केला आणि मुलांनी शब्द उचलले. आता घरीही दर शनिवारी मुले त्या पुस्तकातील एक प्रार्थना मोठ्याने वाचतात. अडले तेथे आजी सांगते.

तेव्हा वाचकहो, जुन्या गोव्यास जाल तेव्हा छायाचित्रे अवश्य काढा, मेणबत्ती लावा, मुलांस हवे ते खाऊ घाला. आणि निघताना घरातील ते जुने प्रार्थनापुस्तक पिशवीत घालण्यास विसरू नका. गोंयचो सायब आपणां सर्वांच्या प्रवासाचे रक्षण करो.