नकाशाबाहेरचं गाव

उंब्रजला चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारच्या बाकावरून शब्द कानावर पडला, ‘पारदर्शक पूल’. माझ्या डोळ्यांपुढे काचेचा पूल आला, खालून ट्रकची चाकं दिसताहेत असा. विचारल्यावर उलगडा झाला. महामार्ग गावातून नेताना मातीचा भराव घालून उंच केलेला. त्यामुळे गावाची दोन गावं झाली, अलीकडच्याला पलीकडचं दुकान दिसेना. म्हणून मागणी, की भरावाचा नको, खांबांवरचा पूल द्या, खालून आरपार दिसू दे. हा पारदर्शक पूल. शब्द मला फार आवडला. चहा संपला तरी मी तो तोंडात घोळवत होतो.

आणि का कोण जाणे, ‘जोकर’ आठवला.

थांबा, तुम्हाला वाटतोय तो नव्हे. मी कुणाला ‘जोकर आपल्याला जाम आवडतो’ म्हटलं की समोरच्याच्या नजरेत आदर येतो. त्याला 2019चा वाकीन फिनिक्स दिसत असतो. वयस्कर माणूस असेल तर राज कपूर दिसतो. तोही 1970 साली आपटलाच होता, पण पुढे लोकांनी त्याला पोटाशी धरलं. माझा जोकर शिरीष कुंदरचा, 31 ऑगस्ट 2012चा. अक्षयकुमार, सोनाक्षी सिन्हा, श्रेयस तळपदे. हे सांगितलं की आदर तिथल्या तिथे विरतो आणि माणूस हवापाण्याचं बोलायला लागतो. समीक्षकांनी सोलून काढलेला, प्रेक्षकांनी पाठ फिरवलेली, खुद्द नायकही प्रसिद्धीच्या वेळी चार हात लांब राहिलेला. त्याला पोटाशी कुणी धरलं नाही. मी धरलं असं म्हणायचं, तर एका माणसाच्या पोटात अशी जागा ती किती.

गोष्ट अशी. पगलापूर नावाचं एक गाव कुठल्याच नकाशावर नाही. तीन राज्यांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे ते आहे आणि तिघांपैकी कुणीही त्याला आपलं म्हणत नाही. वीज नाही, पाणी नाही, आणि गावात एकजात तऱ्हेवाईक माणसं. गावचा एक मुलगा अमेरिकेत परग्रहवासीयांशी बोलायचं यंत्र करतोय. तो घरी येतो, कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो, आणि शेवटी शेतात मोठं वर्तुळ उमटवतो. मग भाज्या अंगावर बांधून परग्रहवासी तयार होतात, आणि गावात टीव्हीवाल्यांची जत्रा भरते.

पाहिला कराडला, गणपतीच्या आधी, थोरल्या मामांबरोबर. मामा उंब्रजचे. त्यांना सिनेमाचं वेड मुळीच नव्हतं. डॉक्टरकडे नंबर संध्याकाळचा होता आणि बाहेर पाऊस, म्हणून आम्ही आत शिरलो. आदल्या दोन आठवड्यांत सगळीकडे ‘एक था टायगर’ची गर्दी उसळलेली. आमच्या खेळाला मोजून सात माणसं. त्यातली दोन मध्यंतरात गेली ती गेलीच.

मामा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीच्या काळात खांद्यावर साखळी टाकून त्यांनी पाटण-कराडचे बांध तुडवले होते. ती साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. बाजू एक साखळी असलेला चौरस म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे मला शाळेच्या आधी मामांनी शिकवलं. आजोळच्या अंगणात साखळी ताणून आम्हा भाच्यांना ते आण्यांनी मोजायचे. ‘तू हैस दोन आणे आणि वर चार बोटं.’ मोजणीच्या गावात त्यांना बांधावरून भांडणारे दोन्ही भाऊ आपापल्या घरी जेवायला बोलवायचे, म्हणून ते कुणाच्याच घरी जेवत नसत. भाकरी फडक्यात बांधून न्यायचे आणि बांधावर बसून खायचे. तीही, असं ते सांगत, हद्दीच्या दगडाला टेकून, म्हणजे अर्धं अंग याच्या रानात, अर्धं त्याच्या. टिपण, फाळणी, बांध-उरुळी हे मोजणीचे शब्द त्यांच्या तोंडी देवाच्या नावासारखे यायचे. भाऊबंदकीतला एक म्हातारा मोजणी चालू असताना हद्दीच्या दगडावर बसला आणि उठेचना. मामा बाजूला बसून राहिले. ऊन चढलं. शेवटी म्हाताऱ्यानंच विचारलं, ‘सायेब, तुमाला घरला जायाचं न्हाई व्हय?’ मामा म्हणाले, ‘दगूड तुमच्याखाली हाय. त्यो सांगंल तवा जाईन.’ ही गोष्ट मी त्यांच्याकडून निदान वीस वेळा ऐकली असेन. दर वेळी म्हातारा थोडा जास्त वेळ बसलेला असे.

तर अशा माणसाला मी नकाशावर नसलेल्या गावाच्या सिनेमाला नेलं.

पहिली दहा मिनिटं ते गप्प होते. मग अंधारात मोठ्यानं म्हणाले, ‘आसं व्हत न्हाई. रान निघतं नकाशाभाईर. आक्खं गाव न्हाई निघत. कुणाच्या तरी टिपणात असणारच की!’ पुढच्या रांगेतल्या पोरानं मागं वळून पाहिलं. नायक कचेरीत जातो आणि तिथला माणूस ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतो तेव्हा मात्र मामा हसले. नुसते हसले नाहीत, मांडीवर थाप मारून हसले. थिएटरात दुसरं कुणी हसत नव्हतं. पिक्चर जे सांगत होता ते त्यांनी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून पाहिलं होतं.

शेतातलं वर्तुळ आलं आणि त्यांचं हसू थांबलं. बाहेर पडल्यावर रसवंतीच्या छपराखाली उभे राहून त्यांनी विषय काढला. ‘गोल रानाची मोजणी कशी करायची?’ मी म्हटलं, त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. ‘ते शाळंत. साखळीनं सांग.’ मग स्वतःच तिकिटाच्या पाठीवर आकृती काढली. आत त्रिकोण पाडायचे, कडेच्या फाकांना लंब काढायचे. ‘आणि उरलेलं?’ ‘उरलेलं शेतकऱ्याला माफ.’ डॉक्टरचा नंबर चुकला.

अशी वर्तुळं खरोखर काढणारे दोन इंग्रज होते, साउथॅम्प्टनचे, डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली. दहा वर्षांहून अधिक काळ रात्रीचे गव्हाच्या शेतात शिरून दोरी बांधलेल्या फळीनं पीक आडवं करायचे, आणि सकाळी जाणकार मंडळी आकाशाकडे बोट दाखवायची. साठी उलटल्यावर, सप्टेंबर 1991मध्ये, दोघांनी कबुली दिली. बॉवरच्या बायकोला म्हणे आधी संशय आला तो गाडीच्या मैलांवरून. नवरा रात्री जातो कुठे? तिला वाटलं, बाई आहे. गव्हाचं शेत असेल असं कुठल्या बायकोच्या मनात येईल? आमच्याकडच्या उसात हा उद्योग जमायचा नाही. वाऱ्यानं लोळलेला ऊस गोल-चौकोन काही पाहत नाही, आणि रानडुकरांच्या कलाकृतीकडे आपण कौतुकानं पाहत नाही.

सिनेमात दोष आहेत. उत्तरार्ध ढेपाळतो, गाणं नको तिथे येऊन बसतं, भाज्यांचे ते पेहराव शाळेच्या गॅदरिंगमधले वाटतात. मला ते गॅदरिंगमधले वाटतात म्हणूनच आवडतात. गावानं केलेलं सोंग गावाच्या ऐपतीचंच असणार. ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ हा सल्ला मला कधी पटला नाही. असला वेडेपणा डोकं जागेवर ठेवूनच बघावा. श्रेयस तळपदेचा बब्बन सगळा सिनेमाभर स्वतःच्याच अगम्य भाषेत बोलतो, आणि घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मला हा विनोद त्या वर्षीच्या कुठल्याही कोटीपेक्षा मोठा वाटतो. चारच आठवड्यांनी अक्षयकुमारचा ‘ओह माय गॉड’ आला आणि लोक ‘जोकर’ विसरूनही गेले.

टपरीवाल्यानं कप उचलले. वरून पुण्याकडे, कोल्हापूरकडे गाड्या चालल्या होत्या. त्यांतल्यांना खाली कृष्णेला तारळी मिळते, चाफळचा फाटा फुटतो, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथेच आहे, यातलं काही दिसत नसावं. भाज्या अंगावर बांधून बसलो असतो तर एखादा थांबलाही असता.

मामा आता नाहीत. ते तिकीट बरेच दिवस माझ्या पाकिटात होतं. मागची आकृती पुसट होत गेली, त्रिकोण तेवढे राहिले.

शेवट काय होतो ते मी सांगितलेलं नाही. सिनेमा दोन तासांचाही नाही. कुणी बघितलाच, तर बब्बनची भाषा लागली का, तेवढं मला कळवा.