नकाशाला दहापैकी दहा

बार्शी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यातली बरीच वर्षं दहावीच्या मुलांना ‘पुढं काय’ हे सांगायचं कामही माझ्याकडे होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, ‘बाई, तुमचं बोलणं पालकांना पटतं, तुम्हीच बघा.’ मी बघायला लागले. पटतंय म्हणजे बरोबरच असणार, असं हळूहळू मलाही वाटू लागलं.

२००७ साली दहावीचा निकाल लागला आणि एक मुलगी वडिलांना घेऊन घरी आली. चार एकर जिरायत, पाठची दोन भावंडं, मुलीला ८३ टक्के. वडील पायरीवरच टेकले. ‘बाई, तुम्ही म्हणाल तसं,’ म्हणाले. हे वाक्य ऐकून त्या काळी मला बरं वाटायचं. आता कुणी म्हटलं तर धडकी भरते.

मी एकच प्रश्न विचारला, तोही मुलीला नाही, वडिलांना. ‘किती वर्षं शिकवू शकाल?’ ते म्हणाले, चारेक. माझा हिशोब तयारच होता. दोन वर्षं अकरावी-बारावी, दोन वर्षं डीएड, मग शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजार मानधन आणि तीन वर्षांनी कायम. पोरगी जिल्ह्यातच राहील, लग्नालाही सोपं. हे शेवटचं मी बोलूनही दाखवलं. मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, सायन्स घेऊ का?’ मी म्हटलं, ‘अगं, सायन्सला मार्क कमी पडले तर डीएडला नंबर लागायचा नाही. आर्ट्‌स घे.’ तिनं मान डोलावली. सायन्स कशासाठी, हे मी विचारलं नाही.

माझ्या खात्रीचा आधार काय होता, तर पेढे. डीएडची कॉलेजं तेव्हा जिकडेतिकडे निघत होती. आमच्या शाळेतल्या दोन-तीन मुली नोकरीला लागल्या होत्या आणि घरी पेढे घेऊन आल्या होत्या. ज्यांना नोकरी लागत नाही त्या पेढे घेऊन येत नाहीत, इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आणि हेच सांगणारी एकेक बाई बाकीच्या शाळांतही बसलेली असेल, हेही नाही.

ती २०११ मध्ये डीएड झाली. त्याच ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून हजेरी मोजली आणि कागदावरची कितीतरी मुलं गायब निघाली. मुलं नाहीत म्हटल्यावर जागा तरी कुठल्या? मे २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली. डिसेंबर २०१३ मध्ये पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. ती दुसऱ्या खेपेला पास झाली, मला फोनही केला. मी म्हटलं, ‘आता होईल बघ.’ हेही पुन्हा खात्रीनं. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. तोवर तिचं लग्न होऊन मुलगी झाली होती.

मधल्या काळात शाळेतलं भूगोलाचं कपाट आवरताना तिची वही सापडली. प्रदर्शनासाठी ठेवून घेतली होती. तिनं आमच्या गावाचा नकाशा काढला होता. बांध, विहिरी, ओढा, गाडीवाट. अंतरं पावलांनी मोजून, कोपऱ्यात प्रमाण देऊन. खाली माझ्या लाल शाईत दहापैकी दहा आणि ‘छान’. मी भूगोलाची बाई. नकाशे काढणं हे कुणाचं पोट भरायचं काम असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आयटीआयला सर्वेक्षकाचा ट्रेड असतो, तो करून भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता येतं. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांत सिव्हिलचा डिप्लोमा होतो. वडिलांच्या चार वर्षांत बसून वर एक वर्ष उरलं असतं.

पुढं कधीतरी तिला विचारलं, तेव्हा सायन्स कशाला हवं होतं तुला? ती म्हणाली, ‘बांधाच्या भांडणात आमच्या रानाची मोजणी झाली होती ना, तेव्हा मी दिवसभर त्या साहेबांच्या मागं फिरले. ते म्हणाले होते, पोरी, गणित सोडू नको.’ त्यांनी एका दिवसात जे पाहिलं ते मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

इतकं होऊनही मी शहाणी झाले असं नाही. २०१६ पासून दहावीला कलचाचणी आली. मला वाटलं, सुटले, आता संगणकच सांगेल. एका मुलाचा कल ‘गणवेशधारी सेवा’ निघाला. मी त्याला पोलीस भरतीचं पुस्तक आणून दिलं, पहाटे पळायला लावलं. पोलीस भरतीला पुरुषांची किमान उंची १६५ सेंटिमीटर लागते. तो बराच खाली होता आणि मी ‘वाढशील’ म्हणत राहिले. नंतर निकालपत्रकं पुन्हा चाळली तर वर्गातल्या कितीतरी मुलांचा कल तोच. आमच्या गावात सुट्टीवर येणारे, मोटारसायकल असणारे, ज्यांच्या पगाराची तारीख सगळ्यांना ठाऊक असते असे लोक फक्त गणवेशातलेच होते. मुलांनी जे पाहिलंय त्यातलंच ती निवडणार. चाचणीचा दोष नाही. त्यांनी आणखी काय पाहावं याची सोय करणं माझं काम होतं. निवृत्तीआधीची दोन वर्षं शनिवारी मुलांना घेऊन आयटीआयच्या वर्कशॉपला, दूध शीतकरण केंद्रावर, दवाखान्याच्या लॅबमध्ये जात होते. ‘यशस्वी माजी विद्यार्थ्यांची’ भाषणं बंद केली. त्यापेक्षा कामावरच्या माणसाला मुलांनी विचारायचं: सकाळी किती वाजता येता, हातात किती पडतात, कंटाळा कशाचा येतो. वेल्डिंग शिकवणाऱ्या एका निदेशकांनी डोळे कसे चुरचुरतात ते सांगितलं, तरी तीन मुलांनी तिथंच नाव नोंदवायचं ठरवलं.

नकाशा काढणारी ती मुलगी आता नवऱ्याबरोबर महा ई-सेवा केंद्र चालवते. मागच्या पावसाळ्यात सातबारा काढायला गेले. माझ्यापुढं एक म्हातारे होते. तिनं महाभूनकाशावरून त्यांच्या गटाचा नकाशा काढला, कागद फिरवून उत्तर वर केली आणि पेन्सिलीनं दाखवत होती, ‘आजोबा, हा ओढा, ही तुमची हद्द, शेजारच्यांचं इथून सुरू.’ म्हातारे खाली वाकून बघत होते. मी मनाशी जुळवून आणलं होतं, आज बोलायचंच, चुकलं माझं म्हणून. माझा नंबर आला.

‘बाई, किती प्रती?’

‘दोन.’

तिनं पैसे घेतले नाहीत. मी टेबलावर ठेवले, तर उचलून माझ्या पिशवीत टाकले. बोलायचं राहिलंच.